एक नंबरचं कार्ड

“आबाजी, डोळे मिटा! आणि फटीतून बघायचं नाही हं!”

भूमिका त्याच सकाळी नाशिकहून आजोळी आली होती. हातपाय धुऊन होतात न होतात तोच तिने आजोबांच्या पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढून काढला. डबा बिस्किटांचा होता, पण त्यात बिस्किटं कुणी जन्मात पाहिली नव्हती. आत होत्या किल्ल्या! पितळेच्या, लोखंडाच्या, बोटाएवढ्या, वीतभर लांब, गंजलेल्या, चकचकीत. आबाजी म्हणजे बाबाराव, भूमिकाच्या आईचे वडील. गांधीबागेत एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली होती. सुट्टीतला पहिला खेळ ठरलेला असायचा. आबाजी डोळे मिटून तळहात पुढे करायचे, भूमिका त्यावर एक किल्ली ठेवायची आणि ते नुसता अंगठा फिरवून सांगायचे, ‘ही साडीवाल्याच्या गोदामाची’, ‘ही अत्तरवाल्याच्या तिजोरीची, मधला दात मीच घासला होता.’ भूमिका सहा वर्षांची होती तेव्हापासून हा खेळ चालू होता. आबाजी एकदाही चुकले नव्हते.

आज मात्र त्यांनी हात पुढे केलाच नाही.

“राहू दे वं भूमे,” ते म्हणाले. “आता नाही जमत मले.”

आणि ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.  आबाजी आणि खेळाला नाही म्हणतात?

दारातून तिचा मामेभाऊ प्रशिक डोळ्यांनी खुणा करत होता. तो बारा वर्षांचा, भूमिकापेक्षा एका वर्षाने लहान आणि दीडपट बडबड्या. त्याची नऊ वर्षांची बहीण मेघा त्याच्या मागे मीठ लावलेली कैरी खात उभी होती. तिघं अंगणातल्या कडुनिंबाखाली आली.

“काय झालंय आबाजींना?” भूमिकाने विचारलं.

“अभ्यासिकेत पाणी भरलं ना मंगळवारी,” प्रशिक म्हणाला. “दुपारी कोणीतरी आत गेलं, कूलरची टाकी भरायले पाइप सोडला अन् तसाच चालू ठेवून निघून गेलं. खालचा कप्पा पूरा भिजला! तुझ्या आईची वही पण.”

“आईची वही?” भूमिका ओरडलीच.

ही अभ्यासिका वस्तीतल्या लोकांनी दर रविवारी स्वतः विटा वाहून उभी केली होती. तिची एक रीत होती. जो कुणी मोठ्या परीक्षेत पास होईल, त्याने आपल्या हाताने लिहिलेली वही पुढच्या मुलांसाठी खालच्या कप्प्यात ठेवायची, पहिल्या पानावर नाव आणि वर्ष घालून. भूमिकाची आई तिथल्याच बाकावर अभ्यास करून डॉक्टर झाली. तिच्या वहीत निळ्या आणि लाल शाईने काढलेलं एक हृदय होतं. दर सुट्टीत भूमिका ते पान उघडून बघायची. आई तेव्हा किती लहान असेल, वेणी कशी घालत असेल, असं काहीबाही मनात यायचं आणि फार बरं वाटायचं.

“पण यात आबाजींचा काय संबंध?”

“नवीन यंत्र लावलं ना दाराले! कार्ड टेकवलं की दार उघडते अन् आतल्या पडद्यावर नंबर-नाव येते. मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नाव आलं, ‘एक, बाबाराव’!”

“आबाजी गेले होते?”

“ते म्हणतात, नाही, मी घरी झोपलो होतो. पण आम्ही सगळे कामठीले लग्नात होतो. पाहिलं कोणी?” प्रशिकचा आवाज उतरला. “आता तर तेच म्हणून राहिले, यंत्र खोटं काहून बोलंल? मीच गेलो असन अन् विसरलो असन. सत्तरी पार झाली म्हणतात.”

“रात्री आजीले विचारत होते,” मेघा म्हणाली, “माझं डोकं कामातून चाललं का गं, म्हणून.”

भूमिकाला एकदम रडू आलं. तिने ते गिळलं. आता तिला कळलं आबाजींनी हात का पुढे केला नाही. एखादी किल्ली चुकली असती तर?

“येत्या मंगळवारी संध्याकाळी मीटिंग आहे,” प्रशिक म्हणाला. “आबाजीचं दार सांभाळायचं काम काढून घेणार. समितीच्या देवकीताईनं त्यांचं कार्ड आताच ठेवून घेतलं.”

“म्हणजे आपल्या हातात पाच दिवस आहेत,” भूमिका म्हणाली. “आबाजी विसरलेले नाहीत. मला ठाऊक आहे!”

“कसं काय?”

“ठाऊक आहे म्हणजे आहे! आता शोधून काढू या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जलतरण तलावावरून थेट अभ्यासिकेकडे निघाली. भिजलेल्या वह्या वाळवायला देवकीताईंनी मुलांना बोलावलं होतं. देवकीताई समितीच्या अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने प्रेमळ, पण छापील कागदावर देवासारखा विश्वास ठेवणाऱ्या! त्या यायच्या होत्या म्हणून मुलं बंद दारासमोर थांबली. प्रशिकने पोहण्याची ओली पिशवी खांद्यावरून काढली आणि भिंतीला टेकवली.

टिक! हिरवा दिवा लागला आणि दार सरकन् उघडलं.

“अरे! तू काय केलंस?”

“म्या काहीच नाही केलं! आईची शपथ!”

आतल्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली होती. ‘१४, धम्मानंद सर.’

“सर तर हैदराबादले गेले पोरीकडे!” मेघा डोळे विस्फारून म्हणाली. “भूत!”

“भुताला कार्ड कशाला लागतं, वेडाबाई? ते भिंतीतून जातं.” भूमिकाने पिशवी उपडी केली. टॉवेल निघाला, चष्मा निघाला, अर्धा चिवडा निघाला आणि तलावाचं कार्ड निघालं. त्यावर नंबर होता चौदा!

तिने दार लावलं आणि ते कार्ड पुन्हा टेकवलं. टिक! पुन्हा धम्मानंद सर हजर! दाराशेजारी भिंतीवरच्या यंत्राखाली एक स्टिकर होतं, ‘भरवसा सिक्युरिटी’. प्रशिकने डोक्यावर हात मारला. “हेच स्टिकर तलावाच्या गेटवर पण आहे!”

एवढ्यात देवकीताई आल्या. मुलांनी एकदमच बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी आधी तिघांना गप्प केलं, मग एकेकाचं ऐकलं, मग स्वतः कार्ड टेकवून पाहिलं. त्यांचा चेहरा गोंधळला.

“हे विचित्र आहे खरं,” त्या म्हणाल्या. “पण बाळांनो, यातून चौदा नंबरचं कळलं. बाबारावजींचं कार्ड एक नंबरचं आहे. दुसरं एक नंबरचं कार्ड घेऊन आपल्या दारी कोण येईल? अन् एकदा नाही आलं. हा कागद पाहा, यंत्रातून काढलेला. गेल्या महिन्यात चार वेळा भरदुपारी त्यांचं नाव आहे. दुपारी एक ते चार आपण बंद ठेवतो, हे त्यांनीच लिहून लावलंय!”

भूमिकाने कागद हातात घेतला आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. ती एकदम ताठ उभी राहिली.

“ताई, हे सगळे मंगळवार आहेत!”

देवकीताईंनी चष्मा वर-खाली केला. मोठ्या माणसांनी नाव वाचलं होतं, वार कुणी वाचलाच नव्हता. “हो गं,” त्या पुटपुटल्या. “पण वारावरून काय सिद्ध होतं? मीटिंगमध्ये मला पुरावा लागेल.”

दुपारी मुलं वह्या घरी घेऊन आली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. वह्या ओसरीवर पसरू लागल्यावर आबाजी आपण होऊन उठून आले. “उन्हात नका ठेवू रे, कागद वाकडा होते. सावलीत, पानापानात टीपकागद घाला.” आणि ते स्वतःच फतकल मारून बसले. आईच्या वहीतलं हृदय पसरून जांभळं झालं होतं, पण नाव शाबूत होतं. आबाजींनी त्यावरून हळूच बोट फिरवलं.

भूमिकाने संधी साधली. “आबाजी, एक किल्ली दोन वेगळ्या कुलपांना लागू शकते?”

“दोन कशाले? बारा कुलपांले लागते!” आबाजींच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. “स्वस्ताच्या मालात डझनाचा डबा येत होता. बाराही कुलपांची चाबी एकच! कारखानेवाल्याले काय, तो एकदाच साचा करते. पण मी डबा आला की पयले सगळी कुलपं खोलत होतो अन् आतल्या पट्ट्या अदलाबदल करत होतो. मग प्रत्येकाची चाबी वेगळी. बाजूचे दुकानदार हासत, की बाबाराव, काहून एवढी मेहनत करतं गा? मी म्हणे, शेजाऱ्याच्या चाबीनं उघडलं तं ते कुलूप कशाचं? ते तं दाराचं गळ्यातलं!”

मेघा खुदकन हसली. भूमिका मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी टिक करून उघडलं होतं.

शनिवारी आजीला कूलरसाठी वाळ्याच्या ताट्या घ्यायला सीताबर्डीला जायचं होतं. तिघं तिच्यासोबत मेट्रोत चढली. व्हरायटी चौकाजवळ संघपालमामाची टपरी होती. संघपालमामा आबाजींच्या हाताखाली किल्ल्या कापायला शिकलेला. आता तो मोबाइलची कव्हरं विकायचा, किल्ल्या कापायचा आणि लोकांच्या सोसायट्यांची कार्डंही बनवून द्यायचा.

“जय भीम, मावशी! अन् ही बाबारावजीची नात? केवढी झाली!” त्याने चौघांना उसाचा रस मागवला. भूमिकाने सगळी हकिकत सांगितली, तशी त्याची हसरी मुद्रा बदलली.

“कार्ड दे इकडे.” त्याने तलावाचं कार्ड एका चपट्या डबीवर ठेवलं. “पाहा, या कार्डाच्या पोटात एक चाबी लपवलेली राहते. दात नसते तिले, आकडे राहतात. दार आधी चाबी विचारते, मग नंबर वाचते. कारखान्यातून निघताना सगळ्या कार्डांत एकच चाबी असते. ती साऱ्या दुनियेले माहीत आहे! बसवणाऱ्यानं ती बदलून आपली गुपित चाबी टाकावी लागते. आता पाहू यानं टाकली काय.”

डबीने लगेच पीं केलं.

“हात्तेच्या! बदललीच नाही! तलावाले तीच, अभ्यासिकेले तीच. नंबर जुळला की झालं, कोणतंही दार उघडते!”

“म्हणजे आबाजींचं डझनाचं कुलूप!” भूमिका ओरडली. “पण मामा, एक नंबरचं कार्ड आणखी कुणाकडे असेल?”

संघपालमामाने डोकं खाजवलं. “फिटिंगवाल्याजवळ एक कार्ड कायम राहते, दार तपासायले. ते एक नंबरचं. म्हणून तो गिऱ्हाइकाले दोन नंबरपासून कार्डं देते.”

“पण आमच्याकडे एक नंबर आबाजींना दिलाय,” प्रशिक म्हणाला. “हार घालून! पयली चाबी त्यांची होती म्हणून पयलं कार्ड पण त्यांचं!”

 ज्या मानासाठी सगळ्या वस्तीने टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच मानाने आबाजी अडकले होते.

“तलावावर पाटी आहे,” भूमिका सावकाश म्हणाली. “मंगळवारी दुपारी यंत्रांची देखभाल. तो मंगळवारी आपल्या भागात येतो!”

“मामा, मले पण एक नंबरचं कार्ड बनवून दे ना!” मेघा म्हणाली. “आपण ताईले दाखवू.”

“अजिबात नाही!” संघपालमामाने कान पकडले. “मालक समोर असल्याशिवाय चाबी कापायची नाही. तुझ्या आजानं मले पयल्या दिवशी हेच शिकवलं. मग चाबी लोखंडाची असो का आकड्यांची. तुम्ही चोर दाखवा, चाबी नको.”

मंगळवारी दीड वाजता तिघं अभ्यासिकेसमोरच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. डोक्याला ओले रुमाल आणि प्रत्येकाच्या खिशात लू लागू नये म्हणून आजीने कोंबलेला कांदा!

“माझा कांदा शिजला असंल,” प्रशिक कुजबुजला.

“गप! वासानेच पकडले जाऊ.”

दोन वाजले. सव्वादोन वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भूमिकाचा धीर सुटत चालला. आजच नाही आला तर? संध्याकाळी मीटिंग होती आणि घरी आबाजी इस्त्रीचा सदरा घालून, काम सोपवून यायचं म्हणून आत्तापासून तयार होऊन बसले होते.

तेवढ्यात फटफट करत एक स्कूटर आली. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, पाठीवर ‘भरवसा सिक्युरिटी’ छापलेला शर्ट घातलेला एक माणूस उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून कार्ड काढलं, टिक! आणि आत शिरला. लगेच आतला कूलर घरघरू लागला.

“मेघा, आबाजींना आण! प्रशिक, देवकीताई! कार्ड सोबत घ्यायला सांग! पळा!”

पाच मिनिटांत देवकीताई छत्री सावरत, धापा टाकत हजर झाल्या. पाठोपाठ मेघाचा हात धरून आबाजी आले. भूमिकाने विचारलं, “ताई, एक नंबरचं कार्ड कुठे आहे?”

“हे काय, माझ्या पर्समध्ये. आठवडाभर कपाटात कुलपात होतं.”

“मग आता आपलं कार्ड लावू नका. संघपालमामांनी सांगितलंय, चोर दाखवा, चाबी नको! आधी खिडकीतून बघा!”

देवकीताईंनी खिडकीतून डोकावलं. पडद्यावर ठळक अक्षरं होती, ‘१, बाबाराव.’ आणि पडद्याखाली, दोन बाकं जोडून, बूट काढून, दुपट्टा तोंडावर ओढून, कूलरच्या थंडगार झोतात एक देह घोरत होता!

देवकीताई कार्डाकडे बघत राहिल्या, मग पडद्याकडे, मग आबाजींकडे.  शेवटी त्यांनी पर्समधलं तेच कार्ड टेकवून दार उघडलं. प्रशिकने चवड्यांवर जाऊन कूलर बंद केला.

“लाइट गेली काय बे?” झोपेतच आवाज आला.

“लाइट आली आहे, गौरांग!” देवकीताई कडाडल्या. “आमच्या डोक्यात!”

यंत्र बसवणारा गौरांग असा उडाला की बाकावरून सरळ जमिनीवर! म्हातारी माणसं आणि पोरं पाहून त्याचा चेहरा कोरा झाला. “मॅडम, मी ते... दार तपासून राहिलो होतो.”

“डोळे मिटून?” मेघाने विचारलं.

मग सगळं बाहेर पडलं. मंगळवारी तलावाचं काम आटोपलं की गौरांग या थंड खोलीत घटकाभर पडायचा. मागच्या मंगळवारी टाकी कोरडी दिसली म्हणून त्याने पाइप सोडला. तेवढ्यात फोन आला आणि तो तसाच निघून गेला. वह्या भिजल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. पडद्यावर आपल्या जागी कुणाचं नाव उमटतं, हे त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं.

“सगळीकडे कारखान्याचीच चाबी ठेवली, खरं ना?” भूमिकाने विचारलं.

“बदलायले दोन घंटे लागतात ना,” तो खालमानेने म्हणाला. “अन् मी तर सांगितलं होतं मॅडमले, दोन नंबरपासून कार्डं घ्या म्हणून. तुम्हीच हट्ट धरला.”

“धरला खरा,” देवकीताई म्हणाल्या. “बाबारावजींना पहिला नंबर द्यायचा होता. अन् पहिला प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा तो यंत्राला विचारला. तीस वर्षं ज्यांनी हे दार सांभाळलं त्यांना विचारलाच नाही. बाबारावजी, मला माफ करा.”

 आबाजी पडद्यावरचं आपलं नाव बघत होते. मग गौरांगजवळ जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बारा कुलपांच्या डब्याले मले पूरा दिवस लागत होता, बेटा. तुले दोन घंटे लागतात. बस आता अन् बदल. तलावाची पण बदलून ये. मग या वह्यांत टीपकागद घालायले ये. थंड पाणी मी पाजतो.”

संध्याकाळची मीटिंग झाली, पण भलतीच! देवकीताईंनी सगळ्यांसमोर झालेली चूक कबूल केली. मुलांना पुढे बोलावून त्या म्हणाल्या, “आम्ही नाव वाचलं, या पोरांनी वार वाचला. आमच्यापेक्षा यांचं डोकं थंड, तेही अशा उन्हात!” टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव झाला की नवी गुपित किल्ली टाकताना बाबाराव समोर बसतील आणि यंत्राच्या वर त्यांचं जुनं पितळी कुलूपही पुन्हा लागेल. प्रशिकने दोन्ही हात वर करून टाळ्या झेलल्या. मेघाने खिशातला कांदा काढून दाखवला, तेव्हा तर सभागृह हसून लोटपोट झालं.

घरी आल्यावर आजीने मुलांना पन्हं दिलं. ओसरीवर वह्या वाऱ्याने फडफडत होत्या. आबाजी सदऱ्याची बटणं काढत पलंगावर बसले. भूमिका त्यांच्याकडे बघत होती, पण तिने डब्याला हात लावला नाही. विचारायचं धाडसच होईना.

आबाजींनी आपण होऊन पाय खाली सोडले. पायानेच डबा पुढे सरकवला. डोळे गच्च मिटले आणि तळहात पुढे केला.

“ठेव वं.”

भूमिकाने एक ठेवली. “साडीवाल्याचं गोदाम.” दुसरी ठेवली. “अत्तरवाल्याची तिजोरी.” तिसरी, चौथी, पाचवी. प्रशिक आणि मेघा श्वास रोखून बघत होते. एकही चुकली नाही. मग भूमिकाने डब्याच्या तळाशी हात घालून एक जाड पितळी किल्ली शोधली आणि हळूच ठेवली.

आबाजींचा अंगठा तिच्या दातांवरून एकदा फिरला आणि थांबला. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी ओघळलं.

“अभ्यासिका,” ते म्हणाले. “तुझी माय सकाळी पाचले उठवे मले, आबा, दार उघडा म्हणून. तवा याच चाबीनं उघडत होतो.” त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. “मी विसरलो नव्हतो वं, भूमे. काहीच विसरलो नव्हतो.”